जुन्या पद्मिनीला एसी पंप ठेवावा की इलेक्ट्रिक पंप बसवावा?

ज्यांच्या घरी अजून चालती प्रीमियर पद्मिनी आहे आणि ती उन्हाळ्यात दगा देऊ लागली आहे, त्यांच्यापुढे आज ना उद्या हा प्रश्न येतोच: इंजिनच्या अंगाला बसलेला पेट्रोलचा जुना यांत्रिक पंप, ज्याला आपल्याकडचे मिस्त्री एसी पंप म्हणतात, तोच दुरुस्त करून ठेवावा, की मागे टाकीजवळ लहान इलेक्ट्रिक पंप बसवावा? माझी गाडी १९८४ सालची असून हिंगणघाट तालुक्यातल्या गावी असते, आणि दोन्ही पंपांसोबत मी प्रत्येकी तीन उन्हाळे काढले आहेत. त्यावरून जे मत बनले ते मांडतो. दुसऱ्याच्या गाडीचा अनुभव थोडा वेगळा असू शकेल.

पंपाला हात लावण्यापूर्वी दोष पेट्रोलचाच आहे याची खात्री मात्र करून घ्यावी, कारण तापल्यावर ठिणगी तयार करणारे कॉईल आणि कंडेन्सरही नेमके असेच बंद पडतात. गाडी थांबली त्याच जागी, ती गार होण्याआधी, प्लगची ठिणगी पाहावी. ठिणगी निळसर आणि कडक असेल व काचेच्या फिल्टरमध्ये पेट्रोलऐवजी बुडबुडे दिसत असतील, तरच पुढचे वाचण्यात अर्थ आहे.

उन्हाळ्यातल्या व्हेपर लॉकबद्दल, म्हणजे नळीतच पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडण्याबद्दल, बहुतेकांना ठाऊक आहे. एसी पंप पेट्रोल मागच्या टाकीतून ओढून आणतो, त्या ओढीमुळे नळीतला दाब कमी होतो, दाब कमी झाला की पेट्रोल लवकर उकळते, आणि त्यात पंप स्वतःच तापलेल्या इंजिनला चिकटलेला असतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. नागपूर-बल्लारशा मार्गावरच्या फाटकावर दोन मालगाड्या जाईपर्यंत इंजिन बंद करून उभे राहिले की फाटक उघडल्यावर गाडी सुरू होत नाही. पंपावर ओला दुपट्टा टाकून दहा-पंधरा मिनिटे थांबणे हा त्यावरचा चालत आलेला उपाय, आणि तो लागू पडतो. इलेक्ट्रिक पंप टाकीजवळून पेट्रोल पुढे ढकलतो, त्यामुळे नळीत दाब राहतो आणि हा त्रास पुष्कळ कमी होतो. तरीही केवळ एवढ्यासाठी मी पंप बदलला नसता. पंप आणि इंजिनचा ब्लॉक यांच्यामध्ये जाड पॅकिंग घालून आणि पेट्रोलची नळी सायलेन्सरच्या पाइपापासून दूर वळवून मी एसी पंपावर दोन उन्हाळे बरे काढले होते.

माझा निर्णय ज्यामुळे झाला ती अडचण वरवर पाहता किरकोळ आहे. गावातली गाडी रोज निघत नाही. आठवड्यातून एकदा बाजाराला किंवा दवाखान्याला निघायचे, एरवी ती टिनाच्या शेडखाली उभी. त्या उष्णतेत कार्बोरेटरच्या बाऊलमधले, म्हणजे त्यातल्या पेट्रोल साठवणाऱ्या लहान वाटीतले, पेट्रोल पाच-सहा दिवसांत उडून जाते, आणि एसी पंप इंजिन फिरल्याशिवाय काम करत नसल्याने तो बाऊल पुन्हा भरण्यासाठी सेल्फ मारतच राहावे लागते. माझ्या गाडीला एकेक दम घेत अर्धा-पाऊण मिनिट सेल्फ लागे; तेवढ्यात बॅटरी मंदावत असे आणि ऐन वेळी जी ठिणगी जोरात हवी तीच अशक्त होत असे. “भाऊ, पंप चांगला हाये, बाऊल सुकला हाये,” असे मिस्त्रीने पहिल्याच दिवशी सांगितले होते आणि ते खरे होते. पंपाला हाताने दाबायची दांडी होती, पण इंजिन थांबताना पंप चालवणाऱ्या कॅमचा उंचवटा पंपाच्या दांड्याखाली आला असेल तर ती दांडी ढिली पडते. मग गाडी टॉप गिअरमध्ये टाकून थोडी ढकलावी आणि पुन्हा दाबून पाहावे.

या सगळ्याला कंटाळून मी एक वाईट सवय लावून घेतली. एअर फिल्टर काढून, बाटलीच्या झाकणाने दोन झाकणे पेट्रोल कार्बोरेटरच्या तोंडात ओतायचे आणि सेल्फ मारायचा. एका सोमवारी आईला डोळे दाखवायला सेवाग्रामला न्यायचे होते. ती मागच्या सीटवर बसलेली, पुतण्या सेल्फ मारत होता, मी बोनेटवर वाकलेला, आणि इंजिनने उलटा भडका मारला. कार्बोरेटरच्या तोंडातून वीतभर जाळ वर आला. माझ्या डाव्या हातात उघडी बाटली होती. भुवई करपली, बाटली मी वेळेवर मागे फेकली, आणि ओल्या पोत्याने जाळ विझला. पण आई गाडीत होती, हे माझ्या मनातून आजही जात नाही. त्याच आठवड्यात मी इलेक्ट्रिक पंप मागवला.

त्याचेही दोष आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. कार्बोरेटरला जेमतेम ३ पीएसआय दाब लागतो. इंजेक्शनच्या गाडीचा पंप स्वस्तात मिळतो म्हणून काही जण तो बसवतात. त्याचा दाब ३ बारच्या आसपास, म्हणजे लागतो त्याच्या दहापटीहून अधिक असतो, बाऊल भरला की पेट्रोल बंद करणारा निडल व्हॉल्व्ह तो अडवू शकत नाही आणि पेट्रोल इंजिनवर सांडते. तेव्हा कमी दाबाचाच पंप घ्यावा. जुन्या टाकीतला गंज त्याला सोसत नाही, म्हणून पंपाच्या आधी फिल्टर हवा. एसी पंप इंजिनबरोबर थांबतो, इलेक्ट्रिक पंप मात्र अपघातानंतरही किल्ली चालू असेपर्यंत पेट्रोल सोडत राहतो, म्हणून धक्का बसताच पंपाची वीज तोडणारा स्विच, रिले आणि स्वतंत्र फ्यूज हे तिन्ही आवश्यक समजावेत. माझी गाडी जुलैत एकदा भर पावसात थांबली, तेव्हा पंपाच्या अर्थिंगच्या नटाखाली काळ्या मातीचा चिखल साचून गंज चढलेला सापडला. एसी पंपाने मला असा त्रास कधी दिला नव्हता.

जुना पंप जागेवरच ठेवून दोन्ही एका ओळीत जोडावेत, असाही सल्ला मिळतो. मला तो पटत नाही. एसी पंपाचा डायफ्राम, म्हणजे आतला रबरी पडदा, फाटला तर मागून दाबाने आलेले पेट्रोल थेट ऑइलमध्ये उतरते, आणि २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये त्या काळचे रबर फार टिकत नाही. जुना पंप काढून त्या जागी पत्र्याची पट्टी पॅकिंगसह बसवणे बरे. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल तर ऑइल आधी बदलावे.

ज्यांची गाडी रोज चालते, किंवा ज्यांना प्रदर्शनासाठी इंजिन मूळ रूपातच हवे आहे, त्यांनी नवा डायफ्राम टाकून एसी पंपच ठेवला तर मी त्यांना चूक म्हणणार नाही. आमच्यासारखी आठवड्याला एकदा निघणारी गाडी असेल तर माझा कल दुसरीकडे आहे. किल्ली फिरवली की मागून टकटक सुरू होते, बाऊल भरत आला की ती संथ होते, आणि मग सेल्फ मारला की गाडी पहिल्या-दुसऱ्या फेऱ्यात लागते. एअर फिल्टर मी तेव्हापासून फक्त साफ करण्यासाठी काढतो. कोणताही पंप ठेवला तरी टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतच्या रबरी नळ्या आधी बदलाव्यात आणि त्या इथेनॉलला चालणाऱ्या आहेत असे दुकानदाराकडून विचारून घ्यावे. माझी एक जुनी नळी बोटाने दाबताच तडकली होती.