कोथरूड, वाकड की वाघोली? पुण्यात घर शोधताना

पुण्यात नव्याने येणारे बहुतेक जण आधी भाडं विचारतात. माझं कळकळीचं सांगणं आहे की आधी दोन गोष्टी बघा: रोजचा रस्ता आणि नळाचं पाणी. भाड्यात वाचलेले दोन-तीन हजार टँकर आणि पेट्रोल कधी खाऊन टाकतात ते कळतही नाही.

हिंजवडीत नोकरी असेल तर वाकड सोयीचं, यात वाद नाही. पिंपरी-चिंचवडचे रस्ते रुंद आहेत, इमारती नव्या आहेत, लिफ्ट आणि पार्किंग मिळतं. पण नकाशावरच्या चार-पाच किलोमीटरवर जाऊ नका. सकाळी नऊला भूमकर चौकात स्वतः उभं राहून बघा. शिवाय पवना धरणावर अवलंबून असलेल्या या शहरात नोव्हेंबर 2019 पासून पाणी दिवसाआड सोडायला सुरुवात झाली. साठवणीची टाकी मोठी नसेल तर सोसायटीला टँकर मागवावाच लागतो.

खराडीच्या नोकरीसाठी लोक वाघोलीकडे वळतात, कारण त्याच पैशात एक खोली जास्त मिळते. वाघोली 2021 मध्ये पुणे महापालिकेत आली, पण हद्द वाढली म्हणून जलवाहिनी लगेच येत नाही. नगर रस्ता हा एकच मोठा रस्ता, आणि त्यावर ट्रक, बस, शाळेच्या गाड्या सगळे एकत्र. लहान मुलं असतील तर मी वाघोलीपेक्षा विमाननगर किंवा वडगाव शेरीत लहान घर घेईन. जास्तीच्या खोलीपेक्षा संध्याकाळी वेळेवर घरी पोचणं मला मोलाचं वाटतं.

आता कोथरूड. जुनं, महाग, लिफ्ट नसलेल्या तीन-चार मजली इमारतींचं म्हणून नवे लोक ते यादीतून काढतात, आणि इथेच फसतात. वनाझ ते रामवाडी हा मेट्रो मार्ग कोथरूडमधून सुरू होतो, त्यावर 16 स्थानकं आहेत आणि कुठेही गाडी बदलावी लागत नाही. रामवाडीला उतरून पुढे खराडीला रिक्षा किंवा पीएमपी. म्हणजे शहराच्या पश्चिम टोकाला राहूनही पूर्वेची नोकरी जमते. भाजी, दवाखाना, शाळा पायी अंतरावर असतात आणि आई-वडील सोबत राहणार असतील तर हे फार महत्त्वाचं. सकाळी फिरायला वेताळ टेकडी आहे. मात्र चारचाकी असेल तर पार्किंगची जागा करारात लिहून घ्या, तोंडी भरवशावर राहू नका. आणि हिंजवडीच्या नोकरीसाठी कोथरूड घेऊ नका. चांदणी चौकातला नवा पूल ऑगस्ट 2023 मध्ये खुला झाला, तिथली कोंडी कमी झाली, तरी महामार्ग आणि वाकडचा टप्पा चुकत नाही.

नवरा हिंजवडीत, बायको खराडीत, अशी जोडपी आता खूप आहेत. दोघांपैकी एकाच्या ऑफिसजवळ घर घेतलं की दुसऱ्याचे हाल होतात. अशांनी औंध-बोपोडी-खडकीचा पट्टा नक्की बघावा. एकाला औंधवरून वाकडचा रस्ता, दुसऱ्याला बोपोडीहून मेट्रो, जिल्हा न्यायालयाला गाडी बदलून रामवाडी. औंधचं भाडं चढं आहे, बोपोडी-खडकीत त्या मानाने परवडतं.

घर आवडलं तरी टोकन लगेच देऊ नका. सकाळी सातच्या सुमाराला गेटवर जा, वॉचमनला विचारा की उन्हाळ्यात टँकर किती येतात. एप्रिल-मे महिन्याच्या मेंटेनन्सचा हिशोब मालकाकडे मागा. तो द्यायला खळखळ केली तर दुसरं घर बघा. नदी किंवा ओढ्याजवळची इमारत असेल तर शेजाऱ्यांना जुलै 2024 बद्दल विचारा. सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत तेव्हा घरांत पाणी शिरलं होतं. करार बहुधा 11 महिन्यांचा असतो, त्यामुळे पहिलं घर भाड्यानेच घ्या आणि एक उन्हाळा व एक पावसाळा पाहिल्याशिवाय विकत घेण्याचा विषय काढू नका.