होडीचा पीळ काढायचा: दोरी-ओळंबा की लेझर?

घरी प्लायवूडची छोटी होडी बांधताय. तांब्याच्या तारेचे टाके घालून फळ्या जोडल्यात आणि आता सांगाडा किंचित पिळलेला दिसतोय. सांध्यांत इपॉक्सी (दोन भाग कालवून घट्ट होणारा चिकट पदार्थ) भरायच्या आधी लक्षात आलं असेल तर अजून काही बिघडलेलं नाही. मोजायचं कशाने, ते ठरवा.

पुढच्या टोकापासून मागच्या फळीच्या मध्यापर्यंत दोरी ताणा. ती जराशी झोळली तरी चालतं, कारण झोळ खाली जातो, डावी-उजवीकडे नाही. तिच्यावरून ओळंबा सोडून तळाची मध्यरेषा तपासा. वारा असेल तर ओळंबा पाण्याच्या बादलीत बुडू द्या, डुलायचा थांबतो. उंचीसाठी मात्र दोरी नको, तिथे गवंड्याची पाणनळी (पाणी भरलेली पारदर्शक नळी) घ्या आणि आत बुडबुडा राहिला नाही ना, ते आधी बघा.

सरळ रेघ पाडणाऱ्या घरगुती लेझरची चूक साधारण १० मीटरला ३ मिमी, म्हणजे साडेतीन मीटरच्या होडीत जेमतेम १ मिमी. रेघ हाताच्या आड येत नाही, हे मोठं सुख. पण अंगणातल्या उन्हात ती दिसत नाही, आणि तिवईला धक्का लागला की सगळं पहिल्यापासून.

दोन्ही कर्ण सारखे भरले म्हणून निश्चिंत होऊ नका. मी तिथेच फसलो होतो. कर्ण सारखे असूनही मागचा एक कोपरा वर असू शकतो. पुढे एक, मागे एक अशा दोन सरळ पट्ट्या काठांवर आडव्या ठेवा आणि एका पट्टीच्या कडेवरून दुसरीकडे बघा. कडा समांतर दिसल्या नाहीत, तर तोच पीळ. मग तारा सैल करायच्या, खालच्या कोपऱ्याखाली पाचर सारायची, वरच्यावर वाळूची पिशवी ठेवायची, तारा पुन्हा आवळायच्या. आधी दोन टाक्यांच्या मध्ये इपॉक्सीचे छोटे ठिपके द्या. ते वाळल्यावर पट्ट्या परत ठेवून बघा, मगच पूर्ण सांधा भरा.

टाक्यांच्या एका होडीसाठी मी दोरी, ओळंबा, नळी आणि त्या दोन पट्ट्याच घेईन. लांब तुळईवर होडीच्या आकाराचे आठ-दहा आडवे साचे उलटे उभे करून त्यांवर लाकडाच्या अरुंद पट्ट्यांची होडी बांधायची असेल, तर लेझर घ्या. प्रत्येक साचा सरळ करायचे तास वाचतात. मोजमाप मात्र डबा कालवण्याआधीच उरका. एप्रिल-मेच्या उकाड्यात इपॉक्सी डब्यातच तापून घट्ट होतं.