फ्रेट घासलेच नाहीत, पैसे मात्र घेतले

गिटारच्या 'फुल सेटअप'साठी (म्हणजे फ्रेट, नेक, तारा सगळं नीट बसवून घेण्यासाठी) पैसे मोजणाऱ्यांनी हे वाचा. आपल्या मराठवाड्यातल्या ऑर्केस्ट्रावाल्यांनी तर नक्कीच.

आमची पार्टी जालन्याची. एप्रिलमध्ये भीमजयंतीचे कार्यक्रम एकाला एक लागून असतात. त्याच्या ऐन तोंडावर माझ्या इलेक्ट्रिक गिटारच्या पहिल्या चार-पाच फ्रेटवर (दांड्यावरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांवर) तारा खरखरायला लागल्या. संभाजीनगरच्या एका दुकानात दाखवली. कारागिरानं नेकवर (दांड्यावर) नुसती नजर टाकली न् म्हणाला, "भाऊ, फ्रेट गेले. लेव्हलिंग करावं लागंल. नेक बी सरळ करतो, तारा इम्पोर्टेड टाकतो." सगळे मिळून 4,200 रुपये, रोख.

परत आली तेव्हा खरखर खरंच बंद होती. पण तार दाबायला जोर लागायचा, न् वरच्या फ्रेटवर कॉर्ड धरला की बेसूर लागायचा, कीबोर्डवाला वळून बघायचा.

आधी तारा बघितल्या. चिठ्ठीवर डॅडारिओ, म्हणजे तारांची परदेशी कंपनी, लिहिलेलं. त्या कंपनीच्या तारांच्या टोकाच्या गोळ्या रंगीत असतात: जांभळी, हिरवी, काळी, लाल. माझ्या सगळ्या पितळी! (रंगीत गोळ्यांचा नकली मालही मिळतो म्हणा, इथं तेवढीही तसदी घेतलेली नव्हती.)

मग फ्रेट. फार वाजवलेल्या गिटारला पहिल्या दोन-तीन फ्रेटवर तारांखाली बारीक खाचा पडतात. लेव्हलिंग म्हणजे सगळ्या फ्रेटचे माथे घासून एका पातळीत आणायचे, मग कानशीनं परत गोलाई द्यायची न् पॉलिश करायचं. त्यात खाचा जातात, निदान उथळ तरी होतात. माझ्या जशाच्या तशा होत्या. देण्याआधी मोबाइलवर जवळून फोटो काढून ठेवला होता, म्हणून तोंड उघडता आलं.

खरं दुखणं वेगळंच होतं. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आकसतं न् नेक मागं वाकते, म्हणून पहिल्या फ्रेटवर तारा खरखरतात. सहावी, म्हणजे सगळ्यात जाड, तार पहिल्या न् शेवटच्या फ्रेटवर एकदम दाबा. सातव्या-आठव्या फ्रेटवर साधारण 0.25 मिमी फट दिसली पाहिजे. गॅरेजवाल्याकडं इंजिनाच्या टॅपेटची फट मोजायला पातळ पात्यांचा फिलर गेज असतो, तो चालतो. माझी तार तिथं चिकटलेली. ट्रस रॉड (नेकच्या आतली, तिचा बाक कमी-जास्त करणारी सळई) थोडा ढिला केला की भागणारं काम. पण रॉडच्या छिद्रात धूळ तशीच घट्ट बसलेली होती.

मग खरखर थांबली कशी? पठ्ठ्यानं ब्रिजवरचे सॅडल (गिटारच्या अंगावर तारा टेकतात ते तुकडे) उचलून ठेवले होते. बाराव्या फ्रेटवर तार 3 मिमी वर. एरवी दीड ते दोन असते. उंच तार दाबली की जास्त ताणली जाते, सूर चढतो. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता, नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) न् तिथंच दाबलेला सूर ट्यूनरवर जुळवून बघा, लगेच कळतं. दाबलेला चढा आला तर सॅडल मागं सरकवायचं असतं. ते सरकवलंच नव्हतं.

दुकानात गेलो तर आधी "खाचा लई खोल होत्या" असं सुरू झालं. फोटो दाखवल्यावर तारांचे पैसे निमूट परत दिले. बाकीची म्हणे मजुरी झाली. चिठ्ठीवर दुकानाचं नाव नाही, नुसतं 'सेटअप 4,200', त्यामुळं पुढं ताणता येईना. गिटार देताना लेव्हलिंग, ट्रस रॉड, तारा, प्रत्येकाचे पैसे वेगळे लिहून पक्की पावती घ्या, न् फट न् तारेची उंची तिथंच मोजायला लावा, देताना बी न् घेताना बी.