जलक्रीडांच्या चित्रीकरणासाठी कॅमेरा: अंगावर, बोटीत की काठावर?

सर्फिंग, कयाकिंग किंवा वॉटर स्कीइंगसाठी कॅमेरा घ्यायचा म्हटलं की नजर आधी ‘किती मीटरपर्यंत वॉटरप्रूफ’ या आकड्यावर जाते. तो आकडा लागतोच, पण दुसऱ्या क्रमांकावर. आधी ठरवायचं ते कॅमेरा कुठे असणार हे: खेळाडूच्या अंगावर, सोबतच्या बोटीत, की काठावर. अंतर बदललं की कॅमेऱ्याची जातच बदलते.

शंभर मीटरचा हिशोब

अ‍ॅक्शन कॅमेऱ्याची, म्हणजे अंगावर किंवा बोर्डवर लावायच्या गोप्रोसारख्या छोट्या कॅमेऱ्याची, लेन्स फारच वाइड असते. ३५ मिमी फिल्म कॅमेऱ्याच्या मापात साधारण १६ मिमी; हा आकडा जितका लहान तितकं दृश्य रुंद. काठावरून १०० मीटरवरचा सर्फर अशा लेन्सने टिपला, तर फ्रेममध्ये सव्वादोनशे मीटर रुंदीचा समुद्र येतो. पावणेदोन मीटरचा माणूस फोर-के चित्रातही जेमतेम तीस पिक्सेल उंच दिसतो, म्हणजे ठिपकाच. डिजिटल झूमने तो ठिपका मोठा होतो, माणूस होत नाही.

याउलट सोनी एएक्स५३ सारख्या हँडीकॅमला २० पट ऑप्टिकल (म्हणजे लेन्सचा खरा) झूम आहे, २६.८ पासून ५३६ मिमीपर्यंत. पूर्ण झूमवर त्याच अंतरावर फ्रेमची रुंदी सात मीटरच्या आत येते आणि सर्फर चित्राची जवळपास निम्मी उंची व्यापतो. पाचपट टेलिफोटोचा फोन, म्हणजे १२० मिमीच्या आसपास, या दोघांच्या मधे पडतो: माणूस ओळखू येतो, चेहऱ्यावरचे भाव नाहीत. काठावरूनच शूट करायचं असेल तर अ‍ॅक्शन कॅमेरा विसरा, मग तो कितीही नवा असो.

अंगावर किंवा बोर्डवर मात्र चित्र नेमकं उलटं. तिथे हँडीकॅमचा उपयोग शून्य. अ‍ॅक्शन कॅमेऱ्याचा फोकस सहसा कायमचा ठरलेला असतो, त्यामुळे तुषार उडाले तरी लेन्स फोकस शोधत बसत नाही. हँडीकॅमचा ऑटोफोकस हमखास समोरच्या फेसाला धरतो. म्हणून काठावरून शूट करताना फोकस मॅन्युअल ठेवायचा.

मीटरचा आकडा कुठे फसवतो

आयपीएक्स७ हा पाणी सोसण्याचा दर्जा म्हणजे एक मीटर खोल, स्थिर पाण्यात अर्धा तास. वेगाने आपटणारं पाणी ही वेगळी गोष्ट. ताशी ३६ किमी वेगाने पाण्यावर पडलं की समोरून येणारा दाब साधारण पाच मीटर खोलीएवढा होतो, आणि धडकेच्या क्षणी त्याहून जास्त. वेग दीडपट, म्हणजे ताशी ५४ किमी झाला, तर तोच हिशोब साडेअकरा मीटरवर जातो. दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. स्लॅलम स्कीइंगमध्ये, म्हणजे बोटीमागे तरंगत्या खुणांना वळसे घालत जाण्यात, बोट ताशी ५८ किमीपर्यंत धावते. तिथे १० मीटरवाला कॅमेरा हाउसिंगशिवाय, म्हणजे वरून चढवायच्या वॉटरप्रूफ डबीशिवाय, नेणं हा जुगार आहे.

गोप्रो हीरो १२ हाउसिंगशिवाय १० मीटरपर्यंत चालतो, डीजेआय ऑस्मो अ‍ॅक्शन ४ हा १८ मीटरपर्यंत. कयाक आणि पॅडलबोर्डला दोन्ही पुरेसे. वेगाच्या खेळांना दोघांवरही ६० मीटरचं हाउसिंग चढवा. त्याची किंमत मोजावी लागते: आवाज दबतो, आणि उन्हात, वारा नसताना, हाउसिंगमधला कॅमेरा तापून बंद पडतो.

दमट हवेत हाउसिंग बंद केलं आणि मग गार पाण्यात नेलं की काच आतून धूसर होते. कोरड्या, थंड खोलीत बंद करा, आत ओलावा शोषणारी पट्टी ठेवा. कॅमेऱ्यात पाणी शिरण्याचं कारण मात्र बहुधा खोली नसतेच. ओ-रिंगवर (झाकणाच्या रबरी कडीवर) अडकलेला एक केस किंवा वाळूचा कण, किंवा ओल्या हातांनी उघडलेलं बॅटरीचं झाकण, एवढंच पुरतं. समुद्रातून आल्यावर सगळी झाकणं बंद ठेवून कॅमेरा अर्धा तास गोड्या पाण्यात बुडवा आणि बटणं दाबत राहा, म्हणजे फटीतलं मीठ सुटेल.

झूमही हवा, वॉटरप्रूफही

बोटीत बसून शूट करणाऱ्याला हेच हवं असतं. जेव्हीसीच्या एव्हेरिओ आर मालिकेत ते होतं: ४० पट ऑप्टिकल झूम, पाच मीटरपर्यंत वॉटरप्रूफ, आणि तासन्‌तास चालणारी आतली बॅटरी, त्यामुळे पाण्यावर झाकण उघडायची वेळच येत नसे. ते कॅमेरे आता बनत नाहीत. जुना मिळाला तर त्याचं सीलही तेवढंच जुनं आहे हे धरून चाला. तुषार सोसेल इतपतच विश्वास ठेवा, बुडवू नका. नव्यात घ्यायचं तर साधा हँडीकॅम आणि रेनकव्हर, हाच व्यवहार्य मार्ग.

बोटीत ट्रायपॉड लावू नका, इंजिनाची थरथर थेट लेन्सपर्यंत पोचते; कॅमेरा हातात धरा, कोपर अंगाशी ठेवा. स्थिरीकरणात हँडीकॅम लेन्स हलवून काम भागवतो, अ‍ॅक्शन कॅमेरा चित्राची कड कापून. दुसऱ्या प्रकाराला भरपूर उजेड लागतो. संध्याकाळी शटर मंदावलं की फ्रेम जागेवर राहते, पण आतलं चित्र पुसट होतं. तुषारांचे थेंब सुटे दिसायला शटर निदान १/५०० सेकंद, शक्यतो १/१००० सेकंद.

हँडीकॅमला पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर) लावता येतो. पाण्यावरची चकाकी कमी होते, दीड-दोन स्टॉप प्रकाश जातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा). फेसामुळे ऑटो एक्स्पोजर चित्र काळवंडवतं, म्हणून एक्स्पोजर लॉक करा. तेही हँडीकॅमवर सोपं. अ‍ॅक्शन कॅमेऱ्याचा टचस्क्रीन ओला झाला की ऐकत नाही.

३६० अंशांचा कॅमेरा बोर्डच्या टोकावर लावला तर नेम धरावा लागत नाही, दिशा नंतर निवडता येते. पण दोन्ही फुगीर काचा ओरखड्यांना उघड्या राहतात, आणि पाण्याखाली प्रकाश वेगळा वळत असल्याने दोन चित्रांचा सांधा दिसतो. एडिटिंगला वेळ नसेल तर या वाटेला जाऊ नका.

अ‍ॅक्शन कॅमेरा घेतलात तर त्याच दिवशी तरंगणारी मूठ आणि दोरीही घ्या, कारण तो बुडतो. चिकट माउंट लावण्याआधी बोर्डवरचं वॅक्स अल्कोहोलने काढा आणि लावल्यावर २४ तास पाण्यात नेऊ नका. मऊ फोमच्या बोर्डवर चिकट पट्टी टिकत नाही, त्याला आरपार बसणारं माउंट लागतं. कार्ड व्ही३० (सेकंदाला निदान ३० एमबी लिहिणारं) घ्या. १०० एमबीपीएसने (सेकंदाला १०० मेगाबिट) तासाला ४५ जीबी लागतात, म्हणजे ६४ जीबीचं कार्ड दीड तासाच्या आतच भरतं, आणि ते बदलायला झाकण पुन्हा पाण्यावरच उघडावं लागतं.