जुन्या गाडीचा सेल्फ दुरुस्त केला, त्याला आठ महिने झाले

गाडी 2005 ची, पेट्रोल. राहतो घाटंजीजवळच्या खेड्यात. कापूस वेचणीच्या दिवसांत शेत-घर-बाजार अशा चकरांत दहा-दहा वेळा सेल्फ (इंजिन फिरवून चालू करणारी स्टार्टर मोटर) मारावा लागतो. नोव्हेंबरात एका सकाळी चावी फिरवली, तर नुसतं ‘टक्’. परत फिरवली, परत ‘टक्’. शेजारच्या दोघांनी धक्का दिला, दुसऱ्या गिअरवर क्लच सोडला, गाडी चालू. तशीच यवतमाळला नेली आणि 4,000 रुपयांची नवी बॅटरी टाकून आलो. चार दिवसांनी पुन्हा ‘टक्’.

हेडलाइट लावून चावी फिरवली असती तर हे फुकटात कळलं असतं. लाइट एकदम मंद झाले तर एक तर बॅटरी बसलेली किंवा सेल्फ जाम. माझे लाइट जसेच्या तसे लख्ख होते, म्हणजे मोटरीत करंट जातच नव्हता. जॅकच्या दांड्यानं सेल्फवर हलकं ठोकलं की लागायचा. त्या जुगाडावर आठवडा काढला, लपवत नाही.

ऑटो इलेक्ट्रिशियननं सेल्फ खोलला आणि म्हणाला, “भाऊ, बॅटरी काहून बदलली? कार्बन संपले ना जी याचे.” कार्बन, म्हणजे फिरत्या भागाला करंट पोचवणारे ब्रश, इतके झिजले होते, की स्प्रिंग त्यांना कॉम्युटेटरवर (ते ज्यावर घासतात त्या तांब्याच्या गोल भागावर) दाबूच शकत नव्हती, ठोकलं की क्षणभर टेकायचे. नवे कार्बन, दोन्ही बुश (ज्यांत मोटरीचा दांडा फिरतो त्या कड्या), कॉम्युटेटरची सफाई, मजुरीसकट 1,400. नवा सेल्फ 6,500 ला सांगत होते. आर्मेचर (मोटरीचा तारा गुंडाळलेला फिरता भाग) जळालेलं असतं तर मी नवाच घेतला असता.

हिवाळा बिनतक्रार गेला. एप्रिलात पारा 45 कडे सरकला, तसा गरम इंजिनवर सेल्फ कण्हायला लागला. मी कारागिरावर चिडलो. त्यानं काही न बोलता मीटरची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावली आणि मला सेल्फ मारायला सांगितलं. 1.2 व्होल्ट! तिथं पाव व्होल्टाच्या वर नको. अर्थिंगची पट्टी (बॅटरीचं निगेटिव्ह इंजिनच्या लोखंडाला जोडणारी) आतून हिरवी पडली होती. 200 रुपयांत नवी. आता सेल्फ मारताना बॅटरी 10 व्होल्टाच्या वर राहते (9.6 च्या खाली गेली की समजावं, गडबड आहे).

काढलेली जुनी बॅटरी ठणठणीत निघाली. सध्या शेतात झटका मशीनवर (कुंपणाच्या तारेत झटका सोडणाऱ्या यंत्रावर) रानडुकरं अडवते आहे.