तैलरंगात मिग-२१ काढून घेतलं: सोलापुरातल्या पेंटरकाकांचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, वाढदिवस, लग्न, रिटायरमेंट असल्या ठरलेल्या तारखेला गिफ्ट द्यायचं असेल तर या काकांच्या नादी लागू नका. काम एक नंबर, पण तारखेचा भरवसा शून्य. नाताळपर्यंत देतो म्हणाले आणि हातात पडलं पाडवा उलटल्यावर.

तर झालं असं, बाबा एअरफोर्समध्ये एअरफ्रेम फिटर होते, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची देखभाल करणारे, बरीच वर्षं आसामात तेजपूरला मिग-२१ एफएलवर (मिग-२१ या लढाऊ विमानाचा जुना प्रकार) काम केलेलं. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिगचा निरोप झाला, १९६३ पासून आपल्याकडे उडत असलेलं विमान, त्या दिवशी बाबा टीव्हीसमोरून हललेच नाहीत. मग म्हटलं यांना एक चित्र करून देऊ. ऑनलाइन कॅनव्हास प्रिंट स्वस्तात मिळते, माहितीय, पण प्रिंट ती प्रिंटच. अशोक चौकाकडून आत एका बोळात या काकांचं शटर आहे, पूर्वी थिएटरची मोठाली बॅनरं रंगवायचे, फ्लेक्स आल्यावर ते काम गेलं आणि आता देवांची, आजोबा-आजींची आणि कधीमधी असली चित्रं करतात. आत टर्पेंटाइनचा वास एवढा की डोकं धरतं.

मी मोबाईलवर नेटवरचा एक झकास फोटो नेला होता. काकांनी त्यावरून पेन्सिलने कॅनव्हासवर काढूनही टाकलं. सोबत बाबा होते (सरप्राइज वगैरे जमलं नाही, घरात काही लपत नाही), त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "हे बायसन आहे ओ, आमचं नाही." बायसन म्हणजे मिग-२१ चाच नंतरचा सुधारलेला प्रकार. फरक म्हणजे एफएलची पाठ बारीक असते, कॉकपिटच्या मागून शेपटीकडे जाणारा उंचवटा नंतरच्या मिगमध्ये चांगलाच जाड झाला, आणि बायसनची पुढची काचही वेगळी. दुसरा एखादा पेंटर असता तर एवढं कोण बघतंय म्हणाला असता. काकांनी ब्रेडच्या तुकड्याने ते सगळं पुसलं, बाबांकडून जुने फोटो मागवले आणि पुन्हा पहिल्यापासून काढलं, जादा पैसे न घेता. यासाठी पूर्ण मार्क.

विमान सरळ बाजूने काढायला नको असंही काकांनीच सांगितलं. मिगचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत जेमतेम ७.१५ मीटर आणि लांबी त्याच्या दुप्पट, बाजूने काढलं की नुसती पेन्सिल दिसते. म्हणून थोडं खालून, तिरकं, नाक आपल्याकडे. पण तिरकं म्हटलं की सगळे गोल अंडाकृती होतात, नाकाचं तोंड, त्यातला सुळका, पंखावरचा केशरी-पांढरा-हिरवा गोल, आणि प्रत्येकाचा कल वेगळा. त्या पंखावरच्या गोलासाठी काकांनी आधी चौकोन आखला, कर्ण मारले, मग त्यात गोल बसवला, हात टेकायला डाव्या हातात बांबूची काठी. अर्धा तास एकाच गोलावर. मी चहा पिऊन आलो तरी तेच चालू.

रंगाचं मात्र खरंच बघण्यासारखं आहे. मला वाटलेलं चंदेरी रंगाची ट्यूब उघडतील. ती दुकानातच नव्हती! चंदेरी लावला की पत्र्याची ट्रंक दिसते म्हणे. आधी बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी रंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून नुसत्या उजेड-सावल्या टाकल्या, मग आभाळ, आणि विमान सगळ्यात शेवटी, कारण उघड्या अल्युमिनियमला स्वतःचा रंगच नाही, वर आभाळ असेल ते दिसतं आणि पोटाखाली जमीन असेल ती. काकांनी सवयीने पोटाला पिवळट मातकट छटा दिली, आपल्या होटगी रोडकडच्या रानासारखी. बाबा म्हणाले तेजपूरला खाली सगळं हिरवंगार, चहाचे मळे, ब्रह्मपुत्रेचा काठ. मग त्यावर वाळल्यावर जवसाच्या तेलात सॅप ग्रीन या हिरव्या रंगाचा अगदी पातळ हात फिरवला, आणि ते विमान सोलापुरातून उचलून आसामात गेलं, दुसरा शब्द नाही माझ्याकडे. नोझलजवळचा, म्हणजे मागे इंजिनचा झोत बाहेर पडतो तिथला, पत्रा तापून निळा-तपकिरी पडतो, तेही केलं बाबांनी सांगितल्यावर.

आता उशीर का होतो तेही कळलं. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. अंबर लवकर वाळतो, पांढरा लै वेळ घेतो, आणि आभाळ म्हणजे सगळा पांढराच. खालचा थर पातळ, वरचा तेलकट हा क्रम मोडला किंवा घाई केली तर पुढे भेगा पडतात. एकदा मी जरा आवाज चढवला तर म्हणाले, "घाई असंल तर फ्लेक्स लावा की ओ." हे सगळं पटतं, पण मग काका, पहिल्याच दिवशी नाताळ कशाला सांगता? फोन उचलत नाहीत हा वेगळाच त्रास, दुकानात जाऊनच विचारावं लागतं.

वजा मार्क अजून एक, ढग. डाव्या कोपऱ्यातला ढग थेट देवाच्या फोटोतला वाटतो, मऊ गुलाबी. बोललो नाही, कारण बाबांना नेमका तोच आवडलाय.

२४ बाय ३६ इंचाचे बारा हजार घेतले, निम्मे आधी. फ्रेम त्यात नाही. एका दुकानातला फ्रेमवाला काच बसवाच म्हणून मागे लागला होता, ऐकू नका, ऑइलला काच लागत नाही. व्हार्निश सहा महिन्यांनी, तेव्हा चित्र घेऊन या म्हणालेत, वेगळे पैसे नाहीत. तोवर ओल्या फडक्याने पुसायचं नाही, हे घरच्यांना आधीच बजावून ठेवा, आमच्याकडे आईच्या हातात फडकं आलंच होतं.

ऑर्डर द्यायची असेल तर विमानाचं नेमकं मॉडेल आणि कुठल्या बेसवरचं हे लिहून न्या, आणि शक्य असेल तर त्यावर काम केलेला माणूस पेन्सिलच्या वेळीच सोबत न्या.