घरच्या गॅरेजात आर्गन मारून केलेला इनटेक मॅनिफोल्ड: आठ महिने आणि ५४०० किलोमीटरनंतर

गाडीचं मॉडेल सांगणार नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल काय म्हणतं ते मला ठाऊक आहे. जुनी १.३ लिटरची, चार सिलेंडरची पेट्रोल गाडी, मॅप सेन्सरवर (मॅनिफोल्डमधला हवेचा दाब मोजणारा, त्यावरून इंधन ठरतं) चालणारी, एवढं पुरे. मूळचा ओतीव मॅनिफोल्ड, म्हणजे सिलेंडरांत हवा नेणाऱ्या नळ्यांचा जुडगा, गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवलाय. उद्या कोणी हरकत घेतली तर दोन तासांत परत बसेल.

सुरुवात झाली खंडेनवमीला. २०० अँपिअरचं, सिंगल फेजवर चालणारं एसी/डीसी टिग मशीन (आर्गन वायूच्या आवरणात वेल्डिंग करणारं) आदल्याच आठवड्यात घरी आलं होतं. त्याला झेंडूचा हार घातला, हळदकुंकू वाहिलं आणि दुसऱ्या दिवशी पहिला आर्क मारला. अ‍ॅल्युमिनियमवर नुसती काळी राख उठली. अर्धा तास डोकं खाजवल्यावर लक्षात आलं, मशीन डीसीवर होतं. अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडची साय असते. धातू ६६० अंशांना वितळतो, पण ही साय वितळायला २००० च्या वर जावं लागतं. एसीच्या उलट्या फेऱ्यात ती साय फुटते आणि खाली आरशासारखा चकचकीत थेंब दिसतो. हे सगळं वाचलेलं होतं. बटण बघायचं राहिलं.

मला शिकवलं शेजारच्या काकांनी. ओझरच्या एचएएलमधून निवृत्त, आयुष्यभर आर्गन केलेलं. पहिल्याच दिवशी म्हणाले, "हे लोखंड नाही रे बाळा. लाल व्हायची वाट बघत बसलास तर खाली गळून पडेल आणि तू बघत राहशील." तसंच झालं, दोनदा. काकांचा जीव अजून हिरव्या टोकाच्या शुद्ध टंगस्टनवर आहे, म्हणजे जिच्या टोकाला आर्क पेटतो त्या कांडीवर. ट्रान्सफॉर्मरच्या मशीनवर टोकाला गोळी करून ते वेल्ड करायचे. माझ्या इन्व्हर्टरवर २.४ मिमीचं लँथॅनेटेड टंगस्टन जास्त स्थिर चालतं. हा वाद आम्ही चहावर अजून मिटवलेला नाही.

मटेरियल सगळं अंबडच्या औद्योगिक वसाहतीतलं. नाशकात राहायचा हा एक फायदा. सातपूर-अंबडला इतके जॉबवर्कवाले आहेत की प्लेटचे तुकडे किलोवर मिळतात. मात्र भंगारात ग्रेड विचारून घ्या. मी फ्लँजसाठी, म्हणजे इंजिनाला बोल्टांनी बसणाऱ्या पट्टीसाठी, १२ मिमीची एचई ३० घेतली, म्हणजे ६०८२. रनरला, म्हणजे एकेका सिलेंडरकडे जाणाऱ्या नळीला, एचई ९ चा पाइप, बाहेरून ३८, आतून ३२ मिमी. प्लेनमला, म्हणजे चारही रनर जिथून फुटतात त्या हवेच्या टाकीला, ७६ मिमीचा पाइप, ४०० मिमी लांब, आतली जागा साधारण दीड लिटर. १.३ च्या इंजिनाला एवढं ठीक पडतं. फिलर, म्हणजे जोडात वितळवायचा रॉड, ४०४३ चा. ५३५६ जास्त मजबूत खरा, पण जिथे सतत ६५ अंशांच्या वर गरम राहतं तिथे तो वापरत नाहीत. बॉनेटखाली मे महिन्यात काय तापमान असतं ते सांगायला नको.

फ्लँज एका मित्राच्या व्हीएमसीवर (संगणकाने चालणारं मिलिंग मशीन) कापून आणली, गॅस्केटवरून माप घेऊन. पोर्ट लंबगोल आहेत, म्हणून पाइपांची टोकं सागाचा ठोकळा आत घालून व्हाईसमध्ये हळूहळू दाबली. रनर आणि प्लेनमची जोडणी मात्र हाताने, अर्धगोल कानशीने. चार जोडांना तीन रविवार गेले. हे काम कंटाळवाणं आहे, पण इथे फट राहिली की पुढे फिलर ओतत बसावं लागतं आणि जितका फिलर तितकी उष्णता, जितकी उष्णता तितका वाक.

पहिला मॅनिफोल्ड वाकला. दिसायला सुंदर होता, नाण्यांची चवड आडवी पाडावी तसे टाके, फोटो काढून सगळ्यांना पाठवले. मग सरफेस प्लेटवर फ्लँज ठेवून फीलर गेज (फट मोजायची पातळ पत्री) सरकवला तर एका टोकाला ०.६ मिमी आरपार. गॅस्केट एवढं भरून काढत नाही. तरी मी हट्टाने बसवला, आणि आयडल, म्हणजे गाडी उभी असतानाचे इंजिनाचे फेरे, मिनिटाला ८५० च्या जागी १३०० वर जाऊन बसलं. मॅप सेन्सरच्या गाडीत हवा चोरून आत आली की इंजिन बंद पडत नाही, उलट वर पळतं. ज्या सिलेंडरपाशी गळती, तो एकटा उपाशी आणि बाकीचे तीन तुपाशी. स्पार्क प्लग काढले तर चार नंबरचा पांढराफटक आणि बाकीचे काळवंडलेले.

काका बघायला आले आणि हसलेच. म्हणाले, "मोकळ्या फ्लँजला वेल्ड कोण करतं?"

दुसऱ्या वेळी २५ मिमी जाडीच्या लोखंडी प्लेटला इंजिनाच्या हेडसारखी भोकं पाडून फ्लँज तिच्यावर सगळ्या बोल्टांनी आवळली, हीच माझी जिग. एक रनर, मग तिसरा, मग दुसरा, मग चौथा असं फिरत फिरत वेल्ड केलं आणि बोल्ट न सोडता रात्रभर तसंच थंड होऊ दिलं. तरी ०.१५ चा वाक आलाच. तो अंबडला मिलिंगवर अर्धा मिमी घासून काढला. म्हणून फ्लँज १० ची नको, १२ ची घ्या, घासायला माया राहते. इंजेक्टर बसायच्या बुशांचंही तसंच. आधीच पक्क्या मापात बोअर केले तर वेल्डनंतर ते लंबगोल होतात आणि ओ-रिंग धरत नाही. आतून अर्धा मिमी कमी ठेवायचे आणि शेवटी रीमर मारायचा. मी पहिल्या वेळी हे केलं नव्हतं, हे सांगायला हवं का?

जाड फ्लँजला पातळ पाइप जोडताना आर्क जाड बाजूवर रोखायचा आणि थेंब पातळ बाजूकडे नुसता ओढून न्यायचा. ३ मिमीला सपाट जोडावर १२० अँपिअर पुरतात, इथे मला १६० लागले. शिवाय फ्लँज आधी शंभरेक अंशांपर्यंत तापवली, स्वयंपाकघरातल्या शेगडीवर. त्यावर घरात झालेला संवाद इथे लिहीत नाही. इन्फ्रारेड गनवर विसंबू नका. चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर ती काहीच्या बाही आकडा दाखवते. माझ्या गनवर ४५ अंश होते आणि पाण्याचा थेंब चर्रकन उडत होता. काळ्या मार्करने ठिपका रंगवून त्यावर रोखली तेव्हा ताळ्यावर आली.

सफाईला निम्मा वेळ जातो. फक्त अ‍ॅल्युमिनियमसाठी ठेवलेला स्टीलचा ब्रश, मग अ‍ॅसिटोन, मग पूर्ण सुकू देणं. ब्रेक क्लीनर हाताशी होता म्हणून तोच फवारायला निघालो होतो, काकांनी हात धरला. क्लोरीनवाल्या क्लीनरच्या वाफेवर आर्क पडला की फॉस्जीन तयार होतो, आणि तो विषारी वायू आहे. गॅरेजचा पंखाही बंद ठेवावा लागतो, नाहीतर आर्गन उडून जातो. एप्रिलमध्ये ते काय असतं ते विचारू नका. अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून केलेल्या पहिल्या दिवसाची मान आठवडाभर सोलत होती.

गळती तपासायला पोर्टांवर रबर आणि पट्टी आवळली, सायकलच्या पंपाने जेमतेम अर्धा बार हवा भरली आणि साबणाचं पाणी फिरवलं. तीन ठिकाणी बुडबुडे. तिन्ही जागा टाका थांबवून परत सुरू केला तिथल्याच. शेवटी आतून टॉर्च मारून, चुंबक फिरवून, धुऊन, परत धुऊन घेतलं. चुंबकाला ब्रशची एक तार चिकटून आली. ती सिलेंडरमध्ये गेली असती तर हा लेख वेगळ्या विषयावर झाला असता.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात बसवला. किल्ली फिरवून इंजिन बंद असताना मॅप ९४ किलोपास्कल, नाशिकच्या ६०० मीटरच्या आसपासच्या उंचीला शोभणारा. आयडल ८५० ते ९००. त्या रात्री जेवण गोड लागलं.

आता चालवायला कसा आहे ते. मूळचे रनर लांब आणि वळणदार होते, जवळजवळ ४०० मिमी. माझे २६० आणि सरळ. व्हॉल्व्ह बंद होताना मागे उसळलेली हवेची लाट प्लेनमपर्यंत जाऊन परत येते. रनर आखूड असला की ती लवकर परतते आणि वरच्या आरपीएमला उपयोगी पडते. तसंच झालंय. ४००० च्या वर गाडी आधी जिथे दम टाकायची तिथे आता ओढते, आणि आवाज असा की वणीच्या घाटात मी उगीचच खालचा गियर टाकतो. पण २५०० च्या खाली नुकसान आहे, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. कसाऱ्याहून वर येताना एसी चालू, चार माणसं, समोर कंटेनर, अशा वेळी आधी तिसऱ्यावर निघायची ती आता दुसरा मागते. नाशिकच्या द्वारका चौकातल्या गर्दीत तर मूळचाच बरा होता. शहरात मायलेज साडेतेरावरून पावणेतेरावर आलं. त्यात माझ्या उजव्या पायाचा वाटा किती ते मी मोजलेलं नाही. पीयूसी पास झाली.

उन्हाळ्यात दुसरं दुखणं निघालं. पंधरा मिनिटं थांबून परत सुरू केली की पहिला मिनिटभर इंजिन सुस्त. मॅनिफोल्ड हेडची उष्णता पिऊन बसायचा. मध्ये ६ मिमीच्या हायलमचा (उष्णता अडवणारी राळेची पाटी) स्पेसर टाकला, दोन्ही बाजूंना गॅस्केट आणि लांब स्टड. फरक हाताला कळतो. आधी प्लेनमवर हात ठेवता यायचा नाही, आता येतो.

आणि मग तडा. ३२०० किलोमीटरच्या सुमारास आयडल पुन्हा हजाराच्या वर जायला लागलं. दोन रविवार होसपाइप बदलत बसलो, ब्रेक बूस्टरचा पाइप, पीसीव्हीचा पाइप, सगळं निर्दोष. शेवटी थ्रॉटल बॉडीच्या (हवा कमीजास्त करणारी झडप असते तो भाग) फ्लँजला, टाक्याच्या अगदी कडेला, केसाएवढी रेघ दिसली. चूक वेल्डची नव्हती, माझ्या आळसाची होती. मूळ मॅनिफोल्डला खालून ब्लॉकला आधार देणारी एक पट्टी होती, ती मी "नंतर बघू" म्हणून सोडून दिली होती. थ्रॉटल बॉडीचं वजन हवेत लोंबकळतंय, इंजिन थरथरतंय, आणि टाक्याशेजारचा धातू उष्णतेने आधीच नरम पडलेला. रेघेच्या टोकांना बारीक भोकं पाडली, व्ही खणला, परत भरलं आणि पट्टी केली. त्यानंतर २२०० किलोमीटर झाले. दर महिन्याला टॉर्च लावून बघतो, रेघ परतलेली नाही.

मशीनबद्दल थोडक्यात. कंपनीचं नाव देत नाही. आर्क चांगला आहे, एसी बॅलन्स आणि फ्रिक्वेन्सी दोन्ही बदलता येतात. मी १२० हर्ट्झवर ठेवतो, कोपऱ्यात आर्क भरकटत नाही. पायाचं पेडल वेगळं विकत घ्यावं लागलं आणि त्याची पिन चौथ्या महिन्यात तुटली. सर्व्हिसला तीन आठवडे. पेडलशिवाय अ‍ॅल्युमिनियम करणं म्हणजे क्लचशिवाय गाडी चालवणं, जमतं पण कशाला. घरातल्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर पहिल्याच दिवशी एमसीबी पडला. मीटरपासून ६ चौरस मिमीची वेगळी वायर आणि ३२ चा एमसीबी घेतला तेव्हा स्वस्थता आली. हाय फ्रिक्वेन्सीचा आर्क पेटला की घरातला टीव्ही अजून थरथरतो. सासूबाईंच्या मालिकेची वेळ टाळून काम करतो.

७ घनमीटरच्या आर्गनच्या सिलेंडरमध्ये मिनिटाला ८ लिटरने हिशेबाने साडेचौदा तासांचा आर्क निघतो. माझा पहिला सिलेंडर पाच तासांत संपला. एका रात्री व्हॉल्व्ह उघडाच राहिला होता. पावसाळ्यात तर काम काढूच नये असं माझं मत झालंय. जुलैत मित्राचं एक ब्रॅकेट करायला घेतलं आणि टाक्यात टाचणीच्या टोकाएवढी भोकंच भोकं. दमट हवेतला हायड्रोजन वितळलेल्या अ‍ॅल्युमिनियममध्ये भरपूर मुरतो आणि गोठताना बाहेर पडायला जागा शोधतो. रॉड पुसून, तुकडा तापवून कोरडा करून जरा बरं झालं, पण जानेवारीतला टाका काही आला नाही.

खर्चाचं विचाराल तर मटेरियल, मिलिंग, गॅस्केट सगळं धरून साडेसात हजारांत मॅनिफोल्ड झाला. पहिला वाकडा धरला तर अकरा. मशीन, वायरिंग, सिलेंडरची अनामत यांचा हिशेब धरला तर मात्र आकडा बायकोला सांगण्यासारखा नाही. एकच मॅनिफोल्ड करायचा असेल तर कापणं, कानस, जुळवणी घरी करा, ठिकठिकाणी छोटे टाके मारून घ्या आणि अंबडमध्ये एखाद्या आर्गनवाल्याकडे जिगसकट नेऊन द्या. तो दोन तासांत उरकेल, आणि तुमच्यापेक्षा चांगलं.

मला अजून एक करायचाय, रनर ६० मिमीने लांब. कसारा सलतोय. पाइप कापून ठेवलेत, जिगची प्लेट तीच चालेल. सिलेंडर परवाच संपला, विसर्जन झालं की भरून आणतो.